परवान्याचा शिक्का आणि आतली नोंद

वाचकाचे पत्र: ‘मी गणिताचा शिक्षक आहे. गेले दीड वर्ष एका संकेतस्थळावर पैसे लावून पोकर खेळतो. सुरुवातीला तीन वेळा लहान रकमा काढल्या, त्या दुसऱ्याच दिवशी हाती आल्या. त्यामुळे विश्वास बसला आणि माझी रक्कम वाढत गेली. आज तिथे माझ्या सुमारे 7 महिन्यांच्या पगाराइतके पैसे आहेत आणि ते काढण्याची विनंती 41 दिवसांपासून “प्रक्रियेत” आहे. आधी ओळखपत्र मागितले, मग पत्त्याचा पुरावा, मग पुन्हा तेच ओळखपत्र. आता सांगतात की बोनसची अट पूर्ण झालेली नाही, म्हणून आणखी खेळा. शिवाय मोठ्या टेबलांवर एक खेळाडू माझी पाने दिसत असल्यासारखा खेळतो. संकेतस्थळाच्या तळाशी परवान्याचा शिक्का आहे. ही फसवणूक आहे की माझे नशीब? तक्रार कोणाकडे करावी? अट पूर्ण करण्यासाठी खेळावे का? घरी अजून कोणालाही सांगितलेले नाही.’

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नांपैकी सर्वांत निकडीचा प्रश्न खेळण्याचा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. अट पूर्ण करण्यासाठी एकही डाव खेळू नका, आणि पैसे काढण्याच्या विनंतीशेजारी ‘रद्द करा’ असे जे बटण आहे त्याला हातही लावू नका. आपण पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ते बटण हिरवे आणि ठळक आहे, तर विनंती कुठवर आली हे सांगणारी ओळ फिकट राखाडी अक्षरांत, शोधावी लागेल अशी आहे. काढायला ठेवलेली रक्कम पुन्हा खेळात ओढली जावी, हाच त्या बटणाचा उपयोग असतो. ब्रिटनच्या जुगार आयोगाने ऑक्टोबर 2021पासून आपल्या परवानाधारकांना ही सोय ठेवण्यास मनाई केली, ती याच कारणासाठी. आपल्याच विवरणात भरलेले पैसे दोन मिनिटांत जमा झालेले दिसतात. तेव्हा 41 दिवसांचा विलंब यंत्रणेच्या संथपणामुळे होतो आहे, हे मला पटत नाही.

आता त्या अटीचा हिशेब पाहू, कारण तो आपण वर्गात पाच मिनिटांत करून दाखवाल असा आहे. आपण पाठवलेल्या नियमावलीत बोनसच्या 35 पट रकमेच्या पैजा लावाव्यात असे म्हटले आहे, आणि चार पाने पुढे, वेगळ्याच मथळ्याखाली, पोकरचे डाव या मोजणीत धरले जाणार नाहीत, स्लॉटचे खेळ (चित्रांची चक्रे फिरवून पैसे लावण्याचे, निव्वळ नशिबाचे) मात्र पूर्ण धरले जातील, असे आहे. म्हणजे 100चा बोनस मोकळा करण्यासाठी 3500च्या पैजा स्लॉटवर लावाव्या लागतील. स्लॉटचा परतावा, म्हणजे लावलेल्या पैजांपैकी सरासरी परत येणारा हिस्सा, 96 टक्के धरला, तरी 3500वर 4 टक्क्यांनी सरासरी 140 जातात. 100 मिळवण्यासाठी 140 घालवायचे, आणि तेही आपण कधीच खेळत नसलेल्या खेळावर! त्यातही तो 96चा आकडा पक्का धरू नका. एकच स्लॉट निरनिराळ्या परताव्यांच्या आवृत्त्यांत कंपन्यांना पुरवला जातो आणि कोणती आवृत्ती लावायची हे संकेतस्थळ चालवणारी कंपनी ठरवते. याला फसवणूक म्हणण्यापूर्वी वकील विचार करील, कारण सगळे कागदावर लिहिलेले आहे. मी मात्र म्हणेन की जी अट वाचणाऱ्याच्या ध्यानात येऊ नये अशा रीतीने लिहिली जाते, ती प्रामाणिक हेतूने लिहिलेली नसते.

नशीब की फसवणूक, या प्रश्नात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. पैसे अडकले आहेत ही एक आणि समोरच्याला आपली पाने दिसतात ही दुसरी. पहिली गोष्ट आपल्या हातातल्या कागदांवरून सिद्ध होण्यासारखी आहे, दुसरी आज तरी नाही. म्हणून तक्रारीत या दोन्ही एका वाक्यात लिहू नका, नाहीतर कंपनी दुसऱ्या गोष्टीचा पुरावा मागून पहिलीही झटकून टाकील.

तरीही आपला संशय मला खुळचट वाटत नाही. 2007 साली ‘ॲब्सोल्यूट पोकर’ या संकेतस्थळावर एक स्पर्धा झाली. प्रवेशशुल्क 1000 डॉलर होते आणि ‘पॉटरिपर’ या नावाने खेळणारा खेळाडू जिंकला. शेवटच्या डावात त्याने हातातले सर्वांत मोठे पान केवळ दहाचे असताना समोरच्याची सगळी रक्कम लावलेली पैज स्वीकारली. अशा पानांवर कोणी शहाणा खेळाडू ते करणार नाही, पण समोरच्याकडे त्याहून हलकी पाने होती आणि तो डाव याने जिंकला. दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या खेळाडूने कंपनीकडे डावांची नोंद मागितली. नेहमी खेळाडूला फक्त स्वतःची पाने दिसतील अशी नोंद देतात, पण त्याला मिळालेल्या फाइलमध्ये सगळ्यांची झाकलेली पाने होती, शिवाय टेबल बाहेरून पाहणाऱ्या खात्यांचे क्रमांकही होते. ती ओळीओळीने तपासली तेव्हा दिसले की पॉटरिपरने पहिले दोन डाव सोडून दिले. मग 363 क्रमांकाचे एक खाते टेबल पाहायला आले, आणि त्यानंतर सुमारे वीस मिनिटे याने पहिल्या फेरीत एकही डाव सोडला नाही. सोडला तो नेमका समोर कोणाच्या तरी हातात राजांची जोडी, म्हणजे फार भारी पाने असताना. सगळ्यांची पाने पाहू शकणारे ते खाते कंपनीच्या आतल्या माणसांशी जोडलेले निघाले.

कंपनीने सुरुवातीला सगळे नाकारले होते, हे आपल्या प्रकरणात लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे तिच्याच जोडीच्या ‘अल्टिमेटबेट’ या संकेतस्थळावर तसाच प्रकार काही वर्षे चालल्याचे उघड झाले. तिथे खेळाडूंनी ‘निओनिओ’ नावाच्या खात्याच्या जिंकण्याचा दर इतर हजारो खात्यांच्या शेजारी आलेखावर मांडला, आणि तो ठिपका बाकी सगळ्यांपासून इतका दूर पडला की योगायोगाला जागाच उरली नाही. दोन्ही संकेतस्थळांना परवाना होता, तो कॅनडातील मोहॉक या मूळनिवासी लोकांच्या प्रदेशातल्या काह्नवाके गेमिंग कमिशनचा. कमिशनने ॲब्सोल्यूट पोकरला 5 लाख डॉलर आणि अल्टिमेटबेटला 15 लाख डॉलर दंड केला, खेळाडूंचे पैसे परत करायला लावले, पण परवाने काढून घेतले नाहीत. मला या प्रकरणात दंडाच्या आकड्यापेक्षा दुसरीच गोष्ट बोचते: चोरी खेळाडूंनी पकडली, परवाना देणाऱ्याने नाही, आणि पहिला धागा हाती आला तो एक फाइल चुकून बाहेर गेली म्हणून.

पाने नीट पिसली जात नाहीत, ही शंकाही अनेक वाचक विचारतात आणि तिलाही इतिहास आहे. 1999मध्ये अमेरिकेतील संगणक-सुरक्षेच्या अभ्यासकांनी त्या वेळी वापरात असलेल्या एका पोकर-प्रणालीची पिसण्याची पद्धत तपासली. आपला खेळ किती सचोटीचा आहे हे दाखवण्यासाठी बनवणाऱ्यांनी ती पद्धत स्वतःच जाहीर केली होती. 52 पानांच्या मांडण्या 8वर 67 शून्ये इतक्या होतात, हे आपल्याला सांगायला नको. त्या प्रणालीत मात्र पिसण्याची सुरुवात 32 बिटांच्या एका संख्येवरून होत असे, म्हणजे शक्य मांडण्या सुमारे 430 कोटींवर आल्या. ती संख्या घड्याळातल्या मध्यरात्रीपासूनच्या मिलिसेकंदांवरून घेतली जात असे, म्हणजे त्या 8 कोटी 64 लाखांवर आल्या. आणि आपले घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवून घेतल्यावर साधारण 2 लाख उरल्या. स्वतःची दोन पाने आणि टेबलावर सर्वांसाठी उघडलेली पहिली तीन पाहिली की टेबलावरच्या प्रत्येकाच्या हातात काय आहे ते साधा संगणक सांगू शकत होता. आज नावाजलेल्या प्रयोगशाळा ही पद्धत तपासून प्रमाणपत्र देतात. परंतु ते प्रमाणपत्र पिसण्याविषयी बोलते. झाकलेली पाने आतून कोणी पाहतो का, दोन खेळाडू फोनवर एकमेकांना पाने सांगतात का, किंवा आपले पैसे कुठल्या खात्यात आहेत, याविषयी त्यात काहीही नसते.

आपल्या टेबलावर काय घडत असावे? माझा अंदाज असा आहे की कंपनीने मुद्दाम आपली पाने कोणाला दाखवली असण्यापेक्षा खेळाडूंचे संगनमत किंवा बॉट (माणसाऐवजी खेळणारा संगणक-प्रोग्रॅम) असण्याची शक्यता अधिक आहे. पोकरमध्ये कंपनी स्वतः डावात नसते. अड्ड्यावर जिला नाल म्हणतात तशी ती प्रत्येक डावातून आपला वाटा काढते, आणि कोणीही जिंकले तरी तो वाटा तिला मिळतो. पण यामुळे कंपनी निर्दोष ठरत नाही. रोज 20 तास बसून हजारो डाव खेळणारा बॉट तिला सर्वांत जास्त नाल मिळवून देतो, तेव्हा त्याला शोधून बाहेर काढण्याची ओढ तिला कितपत असेल? ही ओढ निर्माण करणे हेच नियामकाचे काम आहे, आणि तिथेच या धंद्यातला सगळा ढिलेपणा साठलेला आहे.

नियमन का ढिले राहते, याचे उत्तर भूगोलात आहे. खेळाडू एका देशात, कंपनीचे कार्यालय दुसऱ्या, सर्व्हर तिसऱ्या आणि परवाना चौथ्या ठिकाणचा. परवाना देणारी जागा बहुधा लहान बेट असते, तिला परवाना-शुल्काचे उत्पन्न हवे असते, आणि ज्या खेळाडूचे पैसे बुडतात तो तिथला मतदार नसतो. कॅरिबियनमधील कुरासाव बेटावर 1990च्या दशकापासून मोजक्या खासगी कंपन्यांकडे मुख्य परवाने होते आणि त्या स्वतःच इतरांना पोटपरवाने वाटत असत. खेळाडूची तक्रार ऐकण्याची जबाबदारी ठामपणे कोणावरच नव्हती. ही पद्धत मोडणारा नवा कायदा तिथे डिसेंबर 2024मध्ये लागू झाला. माल्टा हा तर युरोपीय संघाचा सदस्य आणि त्याचा नियामक तुलनेने नावाजलेला. पण ऑस्ट्रिया आणि जर्मनीतील खेळाडू आपापल्या न्यायालयांत हरलेली रक्कम परत मिळवण्याचे निकाल घेऊ लागले, तेव्हा माल्टाने 2023मध्ये आपल्या जुगार-कायद्यात दुरुस्ती करून आपल्या परवानाधारक कंपन्यांविरुद्धचे असे परदेशी निकाल तिथल्या न्यायालयांनी अमलात आणू नयेत अशी तरतूद केली. ज्याने खेळाडूच्या बाजूने उभे राहायचे त्यानेच कंपनीपुढे ढाल धरली, याचा मला मनस्वी राग येतो.

ठेवलेल्या पैशांविषयी आपण काही विचारलेले नाही, आणि तीच मला सर्वांत मोठी काळजी वाटते. खात्यात दिसणारा आकडा म्हणजे कुठल्यातरी बँकेत आपल्या नावाने ठेवलेली रक्कम, असे आपण धरून चालला आहात. चॅनल बेटांपैकी ऑल्डर्नीच्या परवान्यावर चालणाऱ्या ‘फुल टिल्ट पोकर’ने मार्च 2011अखेर खेळाडूंना सुमारे 39 कोटी डॉलर देणे होते आणि तिच्या बँकखात्यांत सुमारे 6 कोटी डॉलर होते, असे अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी न्यायालयात मांडले. पडद्यावर प्रत्येकाचा आकडा शेवटच्या दिवसापर्यंत बरोबर दिसत होता. ऑल्डर्नीने परवाना स्थगित केला तो जून 2011मध्ये, म्हणजे पैसे संपून गेल्यावर, आणि अमेरिकेतील खेळाडूंना परतफेड मिळू लागली 2014 साली, तीही दुसऱ्या कंपनीने सरकारशी तडजोड करून तो व्यवसाय विकत घेतला म्हणून. ब्रिटनमध्ये आज कंपनीला ग्राहकांच्या पैशांना दिवाळखोरीत संरक्षण आहे की नाही, हे तीनपैकी एका पातळीत स्पष्ट सांगावे लागते. सर्वांत खालच्या पातळीत संरक्षण काहीच नसते, तरीही परवाना पूर्ण वैध असतो. आपल्या संकेतस्थळाच्या नियमावलीत मी हे वाक्य शोधले. मला ते सापडले नाही.

आता करायचे काय ते सांगतो. आज रात्रीच, खाते चालू आहे तोवर, सगळी नोंद आपल्या संगणकावर उतरवून घ्या: भरणा आणि काढणे यांचे विवरण, डावांच्या नोंदी, मदत-कक्षाशी झालेला पत्रव्यवहार, आणि आज जशी आहे तशी नियमावली, तारखेसह. अनेक कंपन्या वाद सुरू झाला की आधी खाते गोठवतात, आणि मग आपल्याच डावांची नोंद आपल्याला दिसत नाही.

त्यानंतर शिक्का तपासा. आपण पाठवलेले चित्र मी मोठे करून पाहिले. त्यात परवाना-क्रमांक आहे, पण संकेतस्थळावर त्या चित्रावर टिचकी मारली तर पान नियामकाच्या संकेतस्थळावर जात नाही, तिथेच वर सरकते. खरा शिक्का नियामकाच्या नोंदवहीकडे नेतो. परंतु दुवा उघडला म्हणून तेवढ्यावर विसंबू नका, कारण नकली नोंदपानेही बनवली जातात; नियामकाचा पत्ता स्वतः टंकून त्याच्या नोंदवहीत हा क्रमांक, कंपनीचे नाव आणि आपण ज्या पत्त्यावर खेळता तो नेमका पत्ता, या तिन्ही गोष्टी एकाच नोंदीत आहेत का ते पाहा. ब्रिटन आणि माल्टा या दोघांच्याही नोंदवह्या सर्वांना खुल्या आहेत. क्रमांक दुसऱ्याच कंपनीचा निघाला, तर नियामकाकडे दाद मागण्यात वेळ दवडू नका. ते फौजदारी प्रकरण आहे आणि आपण राहता तिथल्या पोलिसांच्या सायबर विभागाकडे आणि ज्या कार्डाने किंवा खात्यातून पैसे भरले त्या बँकेकडे त्याच दिवशी लेखी तक्रार गेली पाहिजे. बँकेला व्यवहार उलटवण्याची विनंती करण्यासाठी मुदत असते आणि ती आधीच धावते आहे.

परवाना खरा निघाला, तर कंपनीला लेखी तक्रार करा. त्यात संशय, संताप आणि आपली अडचण यांपैकी काहीही नको. फक्त विनंतीची तारीख, रक्कम, कोणती कागदपत्रे कोणत्या दिवशी दिली, आणि नियमावलीतील कोणत्या कलमाच्या आधारे रक्कम रोखली आहे ते सांगावे, एवढेच. ब्रिटनच्या परवानाधारक कंपनीने 8 आठवड्यांत तक्रार निकाली काढली नाही, तर ग्राहकाला विनाशुल्क स्वतंत्र तंटानिवारण संस्थेकडे जाता येते. खुद्द आयोग व्यक्तिगत वादात पैसे मिळवून देत नाही, हे माहीत असलेले बरे. कंपनी युरोपीय संघात स्थापन झालेली असेल, तर तिथल्या माहिती-संरक्षण कायद्यानुसार आपल्याविषयीची सगळी माहिती मागण्याचा हक्क आपल्याला आहे आणि ती साधारणपणे एका महिन्यात द्यावी लागते. या हक्काखाली आपल्या सगळ्या डावांची नोंद आणि आपल्या खात्यावर कंपनीने केलेले अंतर्गत शेरे मागा. ‘अनियमित खेळ’ असे कारण पुढे करणाऱ्या कंपन्या या मागणीपुढे पुष्कळदा मवाळ होतात.

एक गोष्ट मात्र कोणत्याही स्थितीत करू नका. पैसे सोडवण्यासाठी आधी कर, शुल्क किंवा अनामत भरा असे कोणी सांगितले, तर ते भरू नका. देणे खरे असेल तर शुल्क शिल्लक रकमेतून कापून घेता येते. ‘अडकलेले पैसे काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटांपासूनही दूर राहा, कारण एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात आणि दुसरा फोन बहुधा त्या यादीवरूनच येतो.

आणि घरी सांगा. आपल्याला दरडावण्यासाठी हे लिहीत नाही. पुढच्या काही महिन्यांत पत्रे, बँकेचे फोन, कदाचित पोलीस ठाण्याच्या फेऱ्या होतील, आणि हे सगळे लपवून करताना माणूस शेवटी तोच सोपा मार्ग धरतो, एक मोठा डाव खेळून सगळे भरून काढण्याचा. हरलेले परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळायला जाणे हे मानसोपचारतज्ज्ञ जुगाराच्या विकाराचे एक लक्षण मानतात. आपल्या पत्रात तसे कुठे दिसले नाही, पण ‘अट पूर्ण करण्यासाठी खेळावे का’ हा प्रश्न त्याच्या फार जवळ आहे. मन तिकडे ओढत असेल, तर खाते स्वतःहून बंद करण्याची विनंती पैसे हाती आल्यावर लगेच करा, आणि तज्ज्ञाची वेळ त्याआधीच घ्या.

डावांची नोंद हाती आली की त्या संशयित खेळाडूबरोबरचे सगळे डाव वेगळे काढा आणि शेवटच्या पैजेला आपली पाने हलकी असताना आणि भारी असताना त्याने काय केले, याचे दोन स्तंभ मांडा. आठवणीत राहिलेले कडू डाव निवडून घेऊ नका, सगळे घ्या. शे-दोनशे डावांवरून काही ठरत नाही, हजार-दोन हजार असतील तर ठरू शकते. आणखी एक स्तंभ ठेवा: तो टेबलावर असताना दुसरा कोणता खेळाडू वारंवार त्याच वेळी तिथे होता. ती मांडणी मला पाठवा, मी स्वतः तपासून पाहीन. खात्याचा पासवर्ड मात्र मला किंवा दुसऱ्या कोणालाही पाठवू नका.